केबिनची फुटलेली काच बदलताना: ट्रॅक्टर, लोडर आणि पोकलेनसाठी

नवी काच बसवली आणि काही दिवसांत तीच काच पुन्हा गेली, ही तक्रार जड यंत्रांच्या बाबतीत नेहमी ऐकू येते. दगड लागला असेल तर गोष्ट वेगळी. पण दगड न लागताच काच फुटली असेल, तर दोष बहुतेक वेळा काचेत नसून ती जिथे बसते त्या जागेत असतो. गंजून फुगलेला पत्रा, पिळलेली चौकट, काचेच्या भोकातला हरवलेला प्लास्टिकचा बुश (नळीसारखे अस्तर), अति आवळलेला नट यांपैकी काहीतरी काचेच्या काठावर सतत दाब देत राहते आणि एखाद्या खड्ड्यात ती जाते. म्हणून या कामात नवी काच बसवण्यापेक्षा जास्त वेळ जुनी काच का फुटली हे शोधण्यात आणि चौकट सरळ-स्वच्छ करण्यात गेला पाहिजे.

फुटलेली काच काय सांगते

काचेचे तुकडे झाडून टाकण्याआधी दोन मिनिटे नीट पाहा. टफन्ड (भट्टीत कडक केलेली) काच फुटली की तिचे डाळीच्या दाण्याएवढे चौकोनी तुकडे होतात. ते रबरात किंवा फिल्मला धरून जागेवर राहिले असतील, तर तडे एका ठिकाणाहून पसरलेले दिसतात. ते केंद्र काचेच्या मध्यभागी असेल तर बाहेरून काहीतरी लागले आहे. केंद्र काठावर किंवा बोल्टच्या भोकाशी असेल तर चौकट, बुश किंवा बिजागरी तपासायला घ्या. मागची काच खालच्या काठाला फुटली असेल तर ट्रॅक्टरची मागे अवजार धरणारी तीन-बिंदू जोडणी पूर्ण वर उचलून पाहा. बऱ्याच अवजारांचा वरचा भाग उघड्या काचेला लागतो आणि चालकाला तो आतून दिसत नाही.

लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या) काचेला तडा जातो, पण ती जागेवर राहते. तडा काठापासून सुरू होऊन आत वळत गेला असेल आणि कुठेही टवका नसेल, तर काठावर दाब आहे किंवा तापमानाचा धक्का बसला आहे. भर उन्हात तापलेल्या लॅमिनेटेड काचेवर गार पाण्याचा फवारा मारला तर काठावरचा एखादा लहान टवका तडा बनून पुढे धावतो. टफन्ड काच हा धक्का बराच जास्त सोसते.

कोणत्या जागी कोणती काच

काचेच्या कोपऱ्यात एक छोटा शिक्का असतो, तो वाचा. वर्तुळातला ‘ई’ आणि ‘४३आर’ असे असेल तर ती संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४३ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे आहे. अमेरिकी पद्धतीत ‘एएस १’ ही काच समोरच्या काचेसह कुठेही चालते, ‘एएस २’ समोर सोडून इतरत्र चालते. नवी काच जुन्या शिक्क्याच्याच प्रकारची घ्या. शिक्का नसलेली, साध्या खिडकीची काच केबिनमध्ये कधीही लावू नका. ती फुटली की सुरीसारखे लांब तुकडे होतात आणि ते थेट चालकाच्या मानेच्या उंचीवर असतात.

टफन्ड काच भट्टीत कडक केल्यावर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, काठ घासताही येत नाही. प्रयत्न केला तर सगळीच फुटते. म्हणून ती मापाप्रमाणे तयार करूनच आणावी लागते. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा थर. ही सपाट काच फर्म्यावरून, म्हणजे काचेच्या आकाराच्या नमुन्यावरून, कापून मिळते, आणि समोरच्या सपाट काचेसाठी तो चांगला मार्ग आहे. कापल्यावर काठ घासून घेतलाच पाहिजे. न घासलेल्या काठावरचा बारीक टवका हाच पुढच्या तड्याचा आरंभ असतो. बाकदार काच मात्र कंपनीच्या पार्ट नंबरनेच मागवावी, कारण फर्म्यावरून तिचा बाक पकडता येत नाही.

एक गोष्ट विसरू नका. बऱ्याच केबिनमध्ये एक खिडकी संकटात बाहेर पडण्यासाठी ठरवलेली असते आणि तिच्या शेजारी हातोडी टांगलेली असते. ती काच टफन्डच हवी, कारण ती हातोडीने एका घावात खाली पडली पाहिजे. तिथे लॅमिनेटेड किंवा पॉलीकार्बोनेट (पारदर्शक कडक प्लास्टिक) लावले तर यंत्र उलटल्यावर आतला माणूस आतच अडकतो.

बसवण्याची पद्धत ओळखा

आतून आणि बाहेरून काचेचा काठ पाहिला की पद्धत कळते. काठाभोवती जाड रबर असून त्याच्या मधोमध एक बारीक पट्टी बसवलेली दिसली, तर ती लॉकिंग पट्टीच्या रबरातली काच. काच थेट पत्र्यावर चिकटलेली आणि काठावर काळा पट्टा असेल, तर ती पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंटने चिकटवलेली. ट्रॅक्टरची दारे आणि मागची काच बहुधा चौकटीशिवाय, काचेतल्या भोकांतून बोल्टने बिजागरीला धरलेली असते. बाजूच्या खिडक्या खाचेत सरकणाऱ्या असतात. पोकलेनची समोरची वरची काच धातूच्या चौकटीसकट रुळांवरून छताकडे जाते, खालची काच काढून ठेवता येते. तिथे काच चौकटीला कशी धरली आहे ते पाहून वरीलपैकी एक पद्धत लागू होते.

माप आणि फर्मा

जुनी काच अखंड असेल, नुसता तडा असेल, तर तोच फर्मा. चुरा झाला असेल तर उघड्या जागेवरून ३ मिमी प्लायवूड किंवा हार्डबोर्डचा फर्मा काढा. ज्या यंत्राच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत तिथे विरुद्ध बाजूची शाबूत काच ट्रेस करता येते, पण फर्म्याच्या एका बाजूवर मोठ्या अक्षरात ‘बाहेरची बाजू’ लिहून ठेवा. ट्रेस केलेला फर्मा आरशातल्यासारखा उलटा लागतो. तो उलटवायचा राहिला तर भोके भलत्याच काठाला पडून येतात आणि टफन्ड काचेत ती चूक सुधारता येत नाही.

रबरातल्या काचेसाठी हिशेब असा: रबराच्या मधल्या भिंतीची जाडी मोजा. ती ५ मिमी असेल तर त्यात १ मिमी मोकळीक धरून प्रत्येक बाजूला ६ मिमी सोडा. म्हणजे काच उघड्या जागेपेक्षा उंचीला १२ आणि रुंदीला १२ मिमी लहान. कोपऱ्याची त्रिज्याही तेवढीच कमी होते. चौकटीचा कोपरा ६० मिमी त्रिज्येचा असेल तर काचेचा ५४. रबर विकत घेताना दोन खाचांची मापे द्यावी लागतात, एक काचेच्या जाडीची आणि एक पत्र्याच्या जाडीची. पत्रा मोजताना रंगाचे थर आणि जोडावरचा दुहेरी पत्रा लक्षात घ्या.

चिकटवायच्या काचेला चहूबाजूंनी धातूपासून ४ ते ६ मिमी अंतर हवे. काच आणि धातू कुठेही एकमेकांना टेकता कामा नये, हा या सगळ्या कामातला सर्वात कडक नियम.

काच उचलायला किती जण लागतील तेही आत्ताच ठरवा. एक चौरस मीटर काच दर मिमी जाडीला २.५ किलो भरते. १.२ मीटर उंच, ०.९ मीटर रुंद आणि ६ मिमी जाड काच १६ किलोच्या वर जाते. वजन एका माणसाला झेपेल, पण उंच पायरीवर उभे राहून ती नेमक्या जागी टेकवणे एकट्याचे काम नाही. दोन माणसे आणि दोन सक्शन कप हवेत.

जुनी काच काढणे

यंत्र सपाट जागी, सावलीत उभे करा. बकेट किंवा अवजार जमिनीवर टेकवा, हायड्रॉलिकचा दाब सोडा, चावी काढा, चाकांना ओट लावा. काचेला वायपर मोटर किंवा तापणाऱ्या तारा असतील तर बॅटरीची ऋण तार काढून मग त्यांची जोडणी सोडा. जाड हातमोजे, बंद चष्मा, पूर्ण बाह्या आणि बूट, यांत सूट नाही.

तडकलेली पण उभी असलेली टफन्ड काच असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावा, खाली ताडपत्री टाका आणि मग वरच्या कोपऱ्यातून आतून बाहेर ढकला. बरीचशी काच पत्र्यासारखी एकत्र खाली येते. आधीच पडली असेल तर सीट, लिव्हर आणि पॅनल झाकून उरलेले तुकडे रबरातून पक्कडीने काढा.

आता व्हॅक्यूम. झाडूने काम होत नाही, तुकडे सीटच्या रुळात, ब्रेक आणि क्लचच्या पेडलखाली, जॉयस्टिकच्या रबरी बुटाच्या घड्यांत आणि एसीच्या जाळ्यांत जाऊन बसतात. पेडलखालचा एक तुकडा पेडल पूर्ण दाबू देत नाही. एसीच्या जाळ्यांतला चुरा तर त्याहून वाईट: ब्लोअर चालू केला की तो थेट डोळ्यांत येतो. म्हणून जाळ्या काढून आत व्हॅक्यूमची बारीक नळी फिरवल्याशिवाय ब्लोअरच्या बटनाला हात लावू नका. पहिल्यांदा चालू करताना केबिनमध्ये कोणी बसू नये, दार उघडे ठेवून बाहेरूनच बटन दाबावे.

चिकटवलेली लॅमिनेटेड काच सीलंट कापूनच निघते. दोन मुठी लावलेली बारीक पोलादी तार एका कोपऱ्यात सीलंटमधून आरपार घाला आणि एक जण आतून, एक बाहेरून अशी करवतीच्या चालीने ओढत न्या. तार काचेला लागून चालवा, पत्र्याला लागून नको. पत्र्यावरचा रंग खरवडला गेला तर तिथूनच गंज सुरू होतो. अरुंद जागी कंपनाच्या पात्याचे यंत्र बरे पडते.

चौकट: इथे वेळ द्या

काच निघाल्यावर चौकट उघडी पडते आणि खरा रोग दिसतो. आधी पिळ तपासा. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांना चिकटपट्टीने दोन दोरे तिरके ताणून बांधा, असे की ते मध्यभागी एकमेकांना ओलांडतील. सपाट चौकटीत दोन्ही दोरे मध्याशी एकमेकांना जेमतेम टेकतात. त्यांच्यात फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्याला ढकलत असेल, तर चौकट पिळलेली आहे. दोरे अदलाबदल करून पुन्हा पाहा म्हणजे पिळ कोणत्या दिशेला आहे ते कळते. दोन्ही तिरक्या लांब्याही मोजा. त्या सारख्या नसतील तर चौकट एका बाजूला कलली आहे. सपाट काचेसाठी २-३ मिमीपेक्षा जास्त पिळ असेल तर तशीच काच बसवण्यात अर्थ नाही. केबिनचे खालचे रबरी माउंट पाहा. एक माउंट फाटले किंवा बसले असले की केबिन तिरपी राहते आणि दारांच्या काचा वरचेवर जातात.

चौकट ठोकून, तापवून किंवा वेल्डिंग करून सरळ करण्याचा मोह होतो. केबिनचे खांब उलटण्यापासून वाचवणाऱ्या सांगाड्याचा भाग असतात. त्यांवर वेल्डिंग, नवी भोके किंवा ज्योत चालत नाही, त्याने सांगाड्याची तपासून दिलेली ताकद जाते. खांब वाकलेला असेल तर प्रश्न काचेचा नाही, यंत्र कंपनीच्या माणसाला दाखवा.

गंज मात्र स्वतः हाताळता येतो. सैल पापुद्रे तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. रबराखालच्या खालच्या आडव्या पट्टीत पाणी साठते, तिथे सगळ्यात जास्त गंज असतो. धातू अल्कोहोलने पुसून इपॉक्सी प्रायमर द्या, मग रंग. रंग बोटाला कोरडा लागला म्हणजे झाले असे नाही. रंगातला थिनर पूर्ण उडून गेला नसेल तर पीयू त्यावर धरत नाही आणि पुढे रंगासकट सोलून निघतो. डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ द्या, घाई असली तरी किमान एक रात्र.

लॉकिंग पट्टीच्या रबरातली काच

रबर जुने, कडक, कोपऱ्यात चिरलेले असेल तर नवेच घ्या. रबर तोडताना परिमितीपेक्षा मीटरला साधारण १० मिमी जास्त ठेवा आणि ती जादा लांबी चौकटीत दाबून बसवा. ताणून बसवलेले रबर काही आठवड्यांत आखडते आणि जोड उघडतो, पाणी तिथूनच येते. जोडाची दोन्ही टोके धारदार पात्याने अगदी काटकोनात कापा आणि रबराच्या गोंदाने जोडा. जोड कोपऱ्यात नको, सरळ बाजूच्या मध्यावर हवा. लॉकिंग पट्टीचा जोड त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

वंगण म्हणून साबणाचे पाणी वापरा. तेल, ग्रीस, डिझेल यांपैकी काहीही नको. या रबराला खनिज तेल लागले की ते फुगते, मऊ पडते आणि काच सोडते.

क्रम असा. रबर आधी चौकटीच्या पत्र्यावर चढवा, लॉकिंग पट्टीची खाच बाहेरच्या बाजूला ठेवा. खालच्या खाचेत काच टेकवा. मग एक जण बाहेरून तळहाताने दाबत राहील आणि दुसरा बोथट प्लास्टिकच्या पट्टीने रबराची पाळी काचेवरून उलटवत दोन्ही बाजूंनी वर जाईल. पेचकस वापरू नका. त्याचे टोक काचेच्या काठाला लागले की डोळ्यांना न दिसणारा टवका पडतो, आणि टफन्ड काच त्या क्षणी किंवा दोन दिवसांनी संपूर्ण फुटते.

लॉकिंग पट्टी नसलेल्या साध्या रबराला दोरीची पद्धत सोपी. रबर काचेवर चढवा, पत्र्याच्या खाचेत ४ ते ५ मिमी जाडीची नायलॉनची दोरी भरा आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यावर एकमेकांवरून हातभर पुढे सोडा. काच बाहेरून जागेवर धरून दाबायची, आतला माणूस दोरीचे टोक चौकटीला समांतर ओढत जातो. दोरी बाहेर पडताना पाळी पत्र्याच्या आत उलटवते. हात जिथे दाबायचे ती जागा दोरी जिथे निघते आहे तिच्या समोरच असली पाहिजे.

काच पूर्ण बसल्यावरच लॉकिंग पट्टी भरा. तिचे खास अवजार मिळते, दांड्याच्या टोकाला खाच उघडणारी कडी असते. खाच साबणाच्या पाण्याने ओली करा, पट्टी कडीतून ओवा आणि ओढत न नेता ढकलत न्या. शेवटी १० ते २० मिमी जादा ठेवून तोडा आणि ते टोक ठोकून आत बसवा.

पीयूने चिकटवलेली काच

या पद्धतीत स्वच्छता आणि वेळ, दोन्ही काटेकोर लागतात.

जुना सीलंट पूर्ण काढू नका. चौकटीवर त्याचा १ ते २ मिमीचा, धारदार पात्याने नुकताच कापलेला सपाट थर राहू द्या. ताजा पीयू सर्वात घट्ट धरतो तो ताज्या कापलेल्या जुन्या पीयूवर. तो थर हाताने चाचपू नका, थिनरने पुसू नका. कापून काही तास झाले असतील तर पुन्हा पातळ पापुद्रा कापा. जुना थर ओढल्यावर पत्र्यापासून सुटत असेल तर मात्र तो सगळा काढून खालचा गंज पाहा.

आधी कोणी सिलिकॉन लावले असेल तर त्याचा अंशही शिल्लक राहू देऊ नका, पीयू सिलिकॉनवर धरत नाही. पीयूऐवजी सिलिकॉन लावणे हा तर चुकीचाच उपाय: जड यंत्राच्या कंपनात काचेचा भार ते पेलत नाही आणि आंबट वासाचे सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवते.

कोरडी बसवणी, म्हणजे सीलंट न लावता काच टेकवून पाहणे, आधी करा. खालच्या काठाला दोन रबरी ठोकळे, प्रत्येक कोपऱ्यापासून रुंदीच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे काचेचे वजन त्यांवर येते. भोवतीचे अंतर सगळीकडे सारखे करा, चिकटपट्टीचे तुकडे काचेवरून चौकटीवर लावा आणि सांध्यावर पात्याने कापा. काच परत टेकवताना पट्टीचे अर्धे तुकडे जुळवले की जागा आपोआप मिळते.

आता काचेचा काठ. अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, मग पीयूच्या कंपनीचाच अॅक्टिव्हेटर (पकड वाढवणारा द्रव) एका कापडाने लावून दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्या. काळा प्रायमर आतली गोळी खडखडेपर्यंत आणि त्यानंतर मिनिटभर हलवा. एकाच दिशेने, एकाच थरात, सीलंटच्या रुंदीपेक्षा थोडा रुंद पट्टा ओढा. मागे फिरून ब्रश फिरवू नका. पत्र्यावर ओरखडे पडले असतील तर तिथे धातूचा प्रायमर. साधारण १० मिनिटे वाळू द्या, नेमका वेळ डब्यावर असतो. उघडलेला प्रायमर हवेतली ओल ओढतो, म्हणून पुढच्या कामासाठी ठेवू नका.

फर्म्यावरून कापून आणलेल्या काचेला काठावर भाजलेला काळा पट्टा नसतो. ऊन थेट पीयूवर पडले की त्याची पकड हळूहळू भुकटी होऊन सुटते. अशा काचेला आतून काळ्या प्रायमरचा पूर्ण झाकणारा पट्टा द्या किंवा बाहेरून रबरी पट्टीने काठ झाका.

सीलंट गनच्या नळीच्या टोकाला त्रिकोणी खाच कापा, तळाशी ८ मिमी आणि उंचीला १२ मिमी. या मापाच्या रेघेला मीटरमागे सुमारे ४८ मिली पीयू लागतो, म्हणजे ३१० मिलीच्या ट्यूबमध्ये साधारण साडेसहा मीटर. १.२ बाय ०.९ मीटर काचेची परिमिती ४.२ मीटर, म्हणजे जवळजवळ २०० मिली. एक ट्यूब पुरते, तरी दुसरी हाताशी असावी. मध्येच संपली तर बाहेर जाऊन आणेपर्यंत पहिल्या रेघेला साय धरते. ट्यूबवरची मुदत पाहा, मुदत संपलेली ट्यूब दाबायला जड जाते आणि तिचा पीयू काचेला ओला होऊन लागत नाही.

नळी काटकोनात उभी धरून रेघ ओढा. सुरुवात खालच्या बाजूच्या मध्यावर, कोपऱ्यात नाही. शेवटचे टोक सुरुवातीत मिसळून चपट्या काडीने एक करा, इथेच सर्वात जास्त गळती होते. रेघ पूर्ण झाली की ट्यूबवर लिहिलेल्या वेळेच्या आत, म्हणजे बहुतेक पीयूंना १० ते २० मिनिटांत, काच टेकवा. उष्ण आणि दमट हवेत हा वेळ कमी होतो. काच सरळ आत दाबा, बाजूला सरकवू नका. सगळीकडे सारखी, साधारण ५ मिमी जाडी राहिली पाहिजे. पूर्ण दाबून पातळ केलेला पीयू कंपन शोषत नाही, म्हणून हव्या त्या जाडीचे छोटे रबरी तुकडे आधीच लावून ठेवणे चांगले. मग वरून चिकटपट्टीने बांधा आणि २४ तास पट्टी काढू नका.

पीयू हवेतल्या ओलीने वाळतो, साधारण २३ अंशाला दिवसाला ३ ते ४ मिमी आत. थंड आणि कोरड्या हवेत यापेक्षा बराच हळू. पहिला दिवसभर केबिनची दुसरी एखादी खिडकी उघडी ठेवा. सगळे बंद असताना दार आपटले तर आतल्या हवेचा दाब ओल्या पीयूतून काच बाहेर ढकलतो आणि रेघेत बोगदा पडतो. २४ तास यंत्र हलवू नये. ब्रेकर (खडक फोडणारे अवजार) लावलेल्या यंत्राला ४८ तास द्यावेत, त्याचे कंपन काही वेगळेच असते.

पीयू आणि प्रायमरची वाफ श्वासाला त्रासदायक आहे. दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये, बाकीच्यांनी दारे उघडी ठेवून, नायट्राइलचे हातमोजे घालून करावे.

बोल्टने धरलेली दारे आणि मागची काच

इथे काचेची सगळी मदार भोकांवर असते. भोकात प्लास्टिकचा बुश, काचेच्या दोन्ही बाजूंना रबरी किंवा नायलॉनचे वॉशर, मग धातूचा वॉशर, मग नट. बुश नसेल तर बोल्टचे आटे थेट काचेला घासतात आणि पहिल्याच खडबडीत बांधावर काच जाते. जुने बुश पुन्हा वापरू नका, ते एका बाजूने झिजून अंडाकृती झालेले असतात.

सगळे बोल्ट आधी हाताने लावा, दार बंद करून काच चौकटीत मध्यावर आणा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर टॉर्क पान्याने तोच ठेवा. नसेल तर रबरी वॉशर नुकता दबू लागला की थांबा. न सुटणारा नायलॉनचा नट वापरला की जोर लावून आवळायची गरजच उरत नाही.

काच उघडी तोलून धरणारा गॅस शॉकर थकला असेल तर काच अर्ध्यावर राहून हेलकावे खाते. बदलताना दोन्ही बाजूंचे शॉकर एकत्र आणि नळीवर छापलेल्या न्यूटनच्या आकड्याचेच घ्या. जास्त ताकदीचा शॉकर दार उघडताना काच बिजागरीवर पिळतो. बसवताना दांडा खाली आणि नळी वर येईल असे लावा, त्याने आतले तेल सीलवर राहते. कुलूप पकडते ती खुंटी असल्या जागी जुळते का पाहा. दार आपटूनच लागत असेल तर खुंटी सरकवा, काचेला त्रास देऊ नका.

सरकत्या खिडक्यांचे काम लहान आहे. खाचेतली केसाळ पट्टी झिजली की काच धातूवर खडखडते, तेव्हा काचेसोबत ती पट्टी बदला आणि खाचेच्या तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करा.

जिथे पॉलीकार्बोनेट लागते

खडक फोडणारा ब्रेकर, पाडकाम आणि झाडे भुगा करणारा मल्चर यांच्यासमोर काच पुरत नाही. तिथे पॉलीकार्बोनेट लावतात, मल्चरसाठी सुमारे १२ मिमी जाडीचे. जाडी अवजाराच्या कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्या. ओरखडे न पडणारा लेप असलेलेच घ्या, नाहीतर वायपर काही दिवसांत ते धुरकट करतो.

हा पदार्थ उष्णतेने काचेच्या कितीतरी पट पसरतो. एक मीटर लांबीला ४० अंशांच्या फरकाने तो जवळजवळ ३ मिमी वाढतो. म्हणून बोल्टची भोके बोल्टपेक्षा मोठी आणि चौकटीत चहूबाजूंना जागा हवी. घट्ट बसवलेला पत्रा दुपारी फुगून बाहेर येतो. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन किंवा अमोनियाचा ग्लास क्लीनर लागला तर बोल्टांभोवती बारीक जाळीसारखे तडे उमटतात आणि पत्रा ठिसूळ होतो. साबणाचे पाणी आणि मऊ कापड, बस.

काम झाल्यावर

पाण्याची परीक्षा रबराच्या काचेची लगेच, पीयूची दुसऱ्या दिवशी घ्या. आतून काठाभोवती कोरडा कागद चिकटवा, बाहेरून साध्या नळीने खालून सुरू करून हळूहळू वर पाणी सोडा. वरून सुरू केले तर पाणी कुठून शिरले ते कळत नाही, ओघळ सगळा काठ ओला करतो. जोराच्या पाण्याने धुणे आठवडाभर टाळा.

वायपरचा हात लावताना पाते सुकलेल्या काचेवर फिरवू नका आणि पात्याचे रबर नवे घ्या, जुन्यात काचेचा चुरा रुतलेला असतो. बोल्टच्या काचा पहिल्या ८-१० तासांच्या कामानंतर पुन्हा तपासा. रबरी वॉशर तोवर बसतात आणि नट किंचित सैल होतात. तेव्हा पुन्हा नुकता दाब येईपर्यंतच आवळा, आणि दार उघडून काचेचा काठ सगळीकडून बोटाने फिरवून पाहा, धातूचा चकचकीत घासलेला डाग कुठे दिसतो का. दिसला तर काच तिथे टेकते आहे, बिजागरी सोडून पुन्हा मध्यावर आणा.